संघ कमकुवत आहे की लीगच विषम आहे, हे चाहत्याने कसे ओळखावे?

प्रश्न

गेली अकरा वर्षे मी एकाच संघाचा चाहता आहे आणि त्यांपैकी नऊ हंगामांत हा संघ गुणतालिकेच्या खालच्या अर्ध्यातच राहिला आहे. संघाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आले की तिसऱ्या प्रतिसादापर्यंत चर्चा 'कर्णधार बदला' या एकाच मागणीवर येऊन थांबते, आणि मला त्याहून मुळातले काही विचारायचे आहे.

या हंगामातल्या शेवटच्या सामन्याला मी मैदानावर गेलो होतो. निकाल काहीही लागला तरी तालिकेत फरक पडणार नव्हता, त्यामुळे निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. माझ्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ नेहमी बसतात. त्यांच्या अंगात संघाचा जुना, काखेत उसवून पुन्हा शिवलेला टी-शर्ट असतो आणि त्याच्या पाठीवर ज्या खेळाडूचे नाव आहे तो सहा वर्षांपूर्वीच संघातून गेला आहे. नावातली दोन अक्षरेही आता निघून आली आहेत. सामना हरल्यावर ते शांतपणे उठले, पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि मागे वळून मला म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी सलग चौथ्या वर्षी ऐकले.

आमच्या मित्रमंडळीत यावरून दोन तट आहेत. एकाचे म्हणणे असे की व्यावसायिक लीग हा श्रीमंत संघांचा खेळ असून बाकीच्यांना केवळ वेळापत्रक भरण्यासाठी घेतलेले असते; दुसऱ्याचे म्हणणे असे की नाचता येईना आणि म्हणे अंगण वाकडे. दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघांकडेही सोयीची उदाहरणे असतात. माझा प्रश्न असा की संघाच्या अपयशातला नशिबाचा वाटा, लीगच्या रचनेचा वाटा आणि संघाच्या कारभाराचा वाटा वेगवेगळा काढून दाखवील अशी एखादी कसोटी आहे का? आणि ज्या लीगमध्ये चुरस खरोखर टिकली आहे, तिथे ती कशामुळे टिकली?

प्रतिसाद १

आधी चुरस म्हणजे काय ते ठरवू, कारण या एका शब्दात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एका हंगामात संघ एकमेकांच्या किती जवळ आहेत ही एक, आणि दरवर्षी तेच संघ वर व तेच खाली राहतात का ही दुसरी. जर्मनीच्या बुंडेसलिगा या फुटबॉल लीगमध्ये बायर्न म्युनिकने २०१२-१३ पासून २०२२-२३ पर्यंत सलग अकरा विजेतेपदे मिळवली. त्यातले अकरावे मात्र अखेरच्या दिवसाच्या अखेरच्या मिनिटांत ठरले: डॉर्टमुंडला घरच्या मैदानावर फक्त जिंकायचे होते, ते माइन्झशी २-२ असे बरोबरीत अडकले, तिकडे कोलोनमध्ये म्युनिकच्या मुसियालाने ८९व्या मिनिटाला गोल केला आणि समान गुण असूनही गोलफरकावर विजेतेपद पुन्हा म्युनिकला गेले. तो एक हंगाम पाहिला तर याहून अधिक चुरस मागायची तरी कोणती? अकरा हंगाम एकत्र पाहिले तर मात्र इतर सगळ्यांची पाटी कोरी आहे.

आता नशिबाचा वाटा. दहा संघ अगदी तुल्यबळ आहेत, प्रत्येकाचे चौदा सामने आहेत आणि प्रत्येक सामन्याचा निकाल नाणे उडवून लागतो असे समजा. तरीही सगळ्यांचे सात-सात विजय होणार नाहीत. अशा खेळात विजयांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून पडणारा सर्वसाधारण फरक, सामन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या निम्मे, म्हणजे इथे सुमारे १.९ येते, आणि त्यामुळे दहांतला सर्वांत नशीबवान संघ साधारण दहा, तर सर्वांत कमनशिबी संघ साधारण चार सामने जिंकतो. आता आयपीएलच्या २०२२ च्या हंगामाची साखळी फेरी आठवा: अव्वल गुजरात टायटन्सचे १० विजय, तळाच्या मुंबई इंडियन्सचे ४. संघांत काहीच फरक नव्हता असे मी म्हणत नाही, पण तालिकेतले हे अंतर नाण्यानेही पडले असते, त्यामुळे एका हंगामावरून कोणाला टाकाऊ ठरवणे धाडसाचे आहे. २००८ मध्ये तळाला असलेला डेक्कन चार्जर्स २००९ मध्ये विजेता झाला. पाच-पाच विजेतेपदे असलेल्या दोन संघांपैकी मुंबई २०२२ आणि २०२४ मध्ये, तर चेन्नई २०२५ मध्ये दहाव्या क्रमांकावर राहिली.

सामने वाढले की नशिबाचा रंग उतरतो. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. तिथे नाण्याच्या हिशेबाने ८१ विजयांच्या अलीकडे-पलीकडे सुमारे ६.४ विजयांचे विचलन येते. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरला, आणि त्याचे खापर कोणत्याही नाण्यावर फोडता येणार नाही.

आपल्या संघाला हीच फूटपट्टी लावून पाहिली. संघ सरासरी दर्जाचा असता, तर दरवर्षी वरच्या वा खालच्या अर्ध्यात राहण्याची शक्यता समसमान धरता येईल. अकरा वेळा नाणे उडवून नऊ किंवा अधिक वेळा काटाच पडण्याची शक्यता २०४८ मध्ये ६७, म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या आसपास आहे. तेव्हा नशिबाला या प्रकरणातून निर्दोष सोडायला हरकत नाही. उरले पैसा आणि कारभार, आणि त्यावर माझ्यापेक्षा अधिक जाणकार माणसे इथे आहेत.

प्रतिसाद २

जाणकार म्हणवून घेणार नाही, पण पैशाच्या बाजूने थोडे लिहितो.

लीगची तिजोरी कशी वाटली जाते हे पाहिल्यावाचून 'श्रीमंतांचा खेळ' हे विधान खरेही ठरत नाही आणि खोटेही. एका टोकाला अमेरिकन फुटबॉलची एनएफएल आहे. तिथे १९३६ पासून नव्या खेळाडूंचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी क्रमाने करायची निवड, होते आणि त्यात मागच्या हंगामात सर्वांत खाली राहिलेला संघ सर्वांत आधी निवड करतो. ही कल्पना मांडणारे बर्ट बेल स्वतः त्या वेळच्या दुबळ्या फिलाडेल्फिया संघाचे मालक होते, हे सांगायला हवे, म्हणजे तिच्यामागे निव्वळ परोपकार होता असा समज होणार नाही. १९६१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने केलेल्या कायद्यामुळे सर्व संघांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकता आले आणि ते पैसे सारखे वाटले गेले. १९९४ पासून वेतनावर कडक कमाल मर्यादा आली. जेमतेम लाखभर वस्तीच्या गावातला ग्रीन बे पॅकर्स आजही महानगरांच्या संघांशी बरोबरीने खेळतो तो या व्यवस्थेमुळे. दुसऱ्या टोकाला स्पेन होता, जिथे २०१५ पर्यंत प्रत्येक फुटबॉल क्लब आपले प्रक्षेपण हक्क स्वतंत्रपणे विकत असे आणि त्यातला मोठा घास रेआल माद्रिद व बार्सेलोना यांच्या ताटात जात असे.

बेसबॉल अधेमधे आहे. वेतनमर्यादा आणण्याच्या मालकांच्या आग्रहावरून १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेता ठरवणारी अंतिम मालिका, रद्द झाली आणि अखेर मर्यादा आलीच नाही. ठराविक रकमेपलीकडे खर्च करणाऱ्या संघाला कर भरावा लागतो, एवढेच. लॉस एंजेलिस डॉजर्सने ओहतानी या खेळाडूशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला, त्यातले ६८ कोटी कराराची मुदत संपल्यावर द्यायचे ठरवले, आणि २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. लीग विकत घेतली, अशी ओरड त्यावर झाली. पण त्याआधी लागोपाठ विजेतेपद मिळवणारा संघ शोधायला २००० सालच्या न्यूयॉर्क यांकीजपर्यंत मागे जावे लागते, हे ओरडणारे सहसा सांगत नाहीत.

कसोटी अगदी साधी आहे आणि कागदावर करता येते. शेवटच्या पाच हंगामांसाठी दोन रकाने आखा. डाव्या रकान्यात खेळाडूंवरील खर्चानुसार संघाचा लीगमधला क्रमांक लिहा, उजव्या रकान्यात तालिकेतला. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील, तर संघ आपल्या ऐपतीप्रमाणे खेळतो आहे आणि तक्रार लीगकडे करावी. उजवा रकाना वर्षानुवर्षे डाव्यापेक्षा वाईट असेल, तर कारभार बिघडलेला आहे. आणि सर्वांनाच समान रक्कम मिळत असेल, तर डावा रकाना लिहिण्याची गरजच नाही. एनएफएलमध्ये समान पैसा असूनही डेट्रॉइट २००८ मध्ये आणि क्लीव्हलँड २०१७ मध्ये सोळाच्या सोळा सामने हरले. त्याच मर्यादेत राहून न्यू इंग्लंडने २००१ ते २०१८ या हंगामांत सहा विजेतेपदे मिळवली, आणि तीही २००० च्या ड्राफ्टमध्ये १९९व्या क्रमांकापर्यंत कोणीच न घेतलेल्या टॉम ब्रेडीच्या जोरावर. पैशाची वाटणी नियमाने होते, अकलेची होत नाही.

दुबळ्याला झुकते माप देण्याचा एक तोटाही आहे. तळाला राहण्याचे बक्षीस मिळू लागले की संघ मुद्दाम तळाला जातात. बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये फिलाडेल्फियाने भविष्यातील निवडींवर डोळा ठेवून संघ इतका मोडीत काढला की २०१५-१६ मध्ये ८२ पैकी दहाच सामने जिंकले. तिथे पहिल्या निवडींचा क्रम सोडतीने ठरतो: एका यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू उडत असतात, त्यातले चार बाहेर येतात, चार आकड्यांच्या १००१ शक्य जुळण्यांपैकी एक वगळून उरलेल्या हजार जुळण्या बाद फेरी हुकलेल्या संघांत आधीच वाटलेल्या असतात. पूर्वी सर्वांत वाईट संघाला त्यातल्या २५० मिळत. २०१९ पासून शेवटच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४० मिळतात. अगदी तळाला जाण्याचा मोह त्यामुळे कमी झाला असावा, संपला मात्र नक्कीच नाही.

प्रतिसाद ३

वरचे दोन्ही प्रतिसाद मनापासून आवडले, तरीही मी थोडा विरोधी सूर लावणार आहे, कारण दोघांच्याही हिशेबात तो शिवलेला टी-शर्ट कुठेच आला नाही.

समान रक्कम, लिलाव आणि वेतनमर्यादा यांनी संघ सारखे होतात हे मान्य. पण त्याची किंमत चाहता मोजतो. आयपीएलमध्ये कोलकाता नाइट रायडर्सने २०२४ चे विजेतेपद श्रेयस अय्यरच्या नेतृत्वाखाली मिळवले आणि त्यानंतरच्या मोठ्या लिलावाआधी कायम राखलेल्या खेळाडूंत तो नव्हता. पंजाबने त्याला २६.७५ कोटी रुपयांना घेतले आणि पुढच्याच वर्षी तो पंजाबला अंतिम सामन्यात घेऊन गेला, जिथे बंगळूरुने त्यांना सहा धावांनी हरवले. तटस्थ माणसाला ही रंगतदार गोष्ट वाटेल; ज्याने पाठीवर 'अय्यर' लिहून घेतले होते, त्याने त्या शर्टाचे काय करायचे? दर तीन वर्षांनी पत्ते पिसायचे, मग चाहत्याने कोणाशी निष्ठा ठेवायची, कापडाच्या रंगाशी?

दुसरे असे की ज्या लीग समतोलाचे आदर्श म्हणून सांगितल्या जातात त्या बहुतेक बंद लीग आहेत. तिथे कितीही हरले तरी संघाची जागा जात नाही, आणि मालकाला वाटले तर तो संघ उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकतो. सिएटलचा सुपरसॉनिक्स हा एनबीएचा संघ १९६७ पासून त्या शहरात होता, १९७९ मध्ये विजेता होता. २००८ मध्ये तो ओक्लाहोमा सिटीला हलवला गेला आणि २०२५ मध्ये तिथल्या नावाने विजेता झाला. युरोपातल्या फुटबॉलमध्ये हे सहसा खपवून घेतले जात नाही. लंडनमधल्या विम्बल्डनचा फुटबॉल क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहराला नेण्यास परवानगी मिळाली तेव्हा चाहत्यांनी २००२ मध्ये स्वतःचा नवा क्लब काढला, इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या श्रेणीपासून सुरुवात केली आणि २०११ मध्ये तो वर चढत फुटबॉल लीगमध्ये पोहोचवला. कोणत्याही ड्राफ्टने ही चुरस दिली नसती.

माझ्या बाजूच्या विरोधातला पुरावा मीच देतो, नाहीतर कोणीतरी देईलच. लेस्टर सिटीने २०१५-१६ मध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली तेव्हा हंगामाआधी सट्टेबाजांकडे त्यांचा भाव पाच हजारास एक होता; पण वर्षभरात त्यांचा खेळाडू कांते चेल्सीला गेला आणि चेल्सी विजेता झाली, २०२३ मध्ये तर लेस्टर खालच्या श्रेणीत घसरली. २०२३-२४ मध्ये वर चढून आलेले तिन्ही क्लब त्याच वर्षी परत खाली गेले आणि २०२४-२५ मध्येही नेमके तेच घडले. दार उघडे आहे, पण उंबरठा आता छातीइतका उंच झाला आहे. तरीही खालच्या श्रेणीत जाण्याची भीती असल्याने तळाच्या दोन संघांमधला मे महिन्यातला, हंगामअखेरचा सामना तिथे जीव टांगणीला लावतो, आणि आपण वर्णन केलेल्या रिकाम्या खुर्च्या अशा सामन्याला दिसत नाहीत.

प्रतिसाद ४

थोडक्यात एक भर. नुसते विजेते मोजू नका. एनबीएमध्ये २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगवेगळे संघ विजेते झाले, आणि तरीही २०२४-२५ मध्ये यूटाने ८२ पैकी १७ आणि वॉशिंग्टनने १८ सामने जिंकले. सॅक्रामेंटोचा संघ तर २०२३ पर्यंत सलग सोळा हंगाम बाद फेरीच्या बाहेर होता. शिखरावरची खुर्ची फिरत राहते आणि तळघरातले भाडेकरू तेच राहतात, असेही होऊ शकते. शिवाय पाच जणांच्या खेळात एकच असामान्य खेळाडू ४८ पैकी ४० मिनिटे मैदानावर असतो, तेव्हा पैशाची वाटणी कितीही समान केली तरी तसा खेळाडू लीगमध्ये चार-पाच संघांकडेच असणार. बॉस्टनने १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळवली, ती बिल रसेल त्यांच्याकडे होता म्हणून. खेळ कोणता आहे, हे न सांगता कसोटी विचारणे म्हणजे रोग न सांगता औषध मागणे आहे.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. एक गोष्ट मी लपवली होती, ती आता सांगतो: आमच्या लीगमध्ये लिलाव होतो आणि प्रत्येक संघाला खर्चासाठी सारखीच रक्कम मिळते. हे आधी लिहिले असते तर 'मग दोष तुमचाच' म्हणून विषय दोन ओळींत मिटला असता, आणि वरचे काहीच वाचायला मिळाले नसते.

डावा रकाना निरुपयोगी ठरल्यामुळे मी दुसरा उद्योग केला. उपलब्ध असलेल्या लिलावांच्या याद्या काढून, आम्ही घेतलेल्या प्रत्येक खेळाडूपुढे तो किती हंगाम टिकला हे लिहीत गेलो. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. निम्म्याहून अधिक खेळाडूंपुढे 'एक' हा आकडा आला. अकरा वर्षांत सहा मुख्य प्रशिक्षक झाले, आणि प्रत्येक नव्या प्रशिक्षकाने आधीच्याचे खेळाडू सोडून स्वतःच्या पसंतीचे घेतले, असे त्या यादीवरून स्पष्ट दिसते. म्हणजे प्रतिसाद ३ मध्ये लिलावाच्या नियमांवर ठेवलेला दोष आमच्या बाबतीत अर्धाच खरा आहे. पत्ते लीग पिसते त्याहून अधिक वेळा आमचे आम्हीच पिसतो.

एक नोंद मात्र मला अजून सलते आहे. टी-शर्टावरच्या त्या खेळाडूला मोठा संघ पळवून घेऊन गेला, असे मी सहा वर्षे सगळ्यांना सांगत आलो. त्या वर्षीची यादी नीट पाहिली, तर आम्ही त्याला आधी मोकळे केले, लिलावात त्याच्यावर दोनदा बोली लावून हात खाली घेतला, आणि दिवसअखेर एकूण रकमेचा जवळपास सातवा हिस्सा खर्च न करता परत आणला. ते गृहस्थ पुढच्या हंगामात भेटतील तेव्हा हे त्यांना सांगावे की नाही, हे माझे अजून ठरलेले नाही.

प्रतिसाद २

सांगू नका, निदान पहिल्या सामन्याला तरी नको. पण कारभार बदलतो आहे का हे पाहायचे असेल, तर एक गोष्ट कळवा: पुढच्या हंगामात प्रशिक्षक तोच आहे का?

मूळ प्रश्नकर्ता

प्रशिक्षक तोच आहे. कालच घोषणा झाली, कर्णधार बदलला आहे.